चौथा चरण आणि ओट्याखालचे ड्रॉवर



काल आपण दुसऱ्या अध्यायातला ४६ वा श्लोक वाचला. चहूकडं पाणीच पाणी भरलं असताना एका विहिरीचं जेवढं काम उरतं, तेवढंच जाणत्या माणसाला वेदांचं, असा तो दृष्टान्त. खरं सांगू? कोल्हापूरचा माणूस इथं जरा अडखळतो. आम्ही चहूकडं पाणी बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दिवसांत शिंगणापूर, बालिंग्याचे पाणीउपसा पंप पाण्याखाली गेले, नळ कोरडे पडले आणि माणसं पुराच्या काठावर घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली. चहूकडं पाणी असताना विहिरीची किंमत काय असते, ते आम्हाला विचारा! असो. भगवंतांना गढूळ पाणी अभिप्रेत नव्हतं, एवढं समजून पुढं जाऊ.

आजचा श्लोक ४७ वा. हा ज्याला माहीत नाही असा माणूस आपल्यात सापडणं कठीण. टी-शर्टवर आहे, कॉफीच्या मगवर आहे, अप्रेझलच्या दिवशी लोकांच्या स्टेटसला तर हमखास असतो (पगारवाढ कमी झाली की जास्तच). पण आपण सगळे त्याचा अर्धाच भाग वापरतो. श्लोकाचे चरण चार. पहिला सांगतो, तुझा अधिकार कर्मावर. दुसरा, फळावर कधीच नाही. तिसरा, फळ मनात धरून कर्म करणारा होऊ नकोस. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलंय, म्हणजे चारही एकत्र धरले तरच अर्थ पुरा होतो. आणि चौथा चरण, जो मगवर छापायला जागा उरत नाही, तो असं म्हणतो: काम न करण्याचाही तुला लळा लागू नये.

आज फक्त या चौथ्या चरणाबद्दल लिहिते. त्यासाठी तुम्हाला आमच्या स्वयंपाकघरात, थेट ओट्याखाली वाकून यावं लागेल.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीकडच्या उताराला. २०१९ च्या पुरात ओट्याखालचं सगळं गेलं. नंतर एका दुकानातून नवे ड्रॉवर बसवून घेतले. दिसायला झकास, पांढरे चकचकीत. आत मात्र पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा चिकट द्रव्यात दाबून केलेली फळी. कोरडी आहे तोवर ठीक. पाणी प्यायली की पुरणपोळीसारखी फुगते आणि वाळली तरी परत मापात येत नाही. २०२१ ला हे ड्रॉवर चार दिवस पाण्यात होते. गच्चीवर वाळवून आम्ही तेच परत घातले आणि तेव्हापासून आई ते तसेच वापरत होती. पुढच्या फळ्यांचा पांढरा कागद सुटलेला. सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडायचा म्हणजे दोन्ही हातांनी धरून, एक पाय कडप्प्याला लावून ओढायचा. तिच्या बोटांच्या पेरांना संधिवात आहे.

नवे करूया म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "परत पाणी येणारच की गं. कशाला पैसं घालवायचं? मी करतो ह्यातच."

(आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला काही वाटत नाही.)

आता हे आळसाचं बोलणं आहे का? अजिबात नाही. या बाईनं २००५ ला हे स्वयंपाकघर रिकामं केलंय, २०१९ ला केलंय आणि २०२१ ला केलंय. पाणी उतरल्यावर घरात जो वास राहतो तो फिनाईलनं जात नाही. पिठाच्या डब्यात चिखल असतो. भिंतीवर पाण्याची रेघ असते आणि दोन वर्षं रंग देऊनसुद्धा ती कुठं होती ते डोळ्याला कळतं. तिसऱ्या खेपेनंतर तिनं स्वयंपाकघरासाठी एक चमचासुद्धा नवा घेतलेला नाही. लागेल ते प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून फळीवर ठेवायचं. येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, काय साधी राहणी!

गीतेच्या पहिल्या अध्यायातला अर्जुन आठवा. त्याचा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. कुळ बुडेल, आप्त मरतील, राज्य मिळून उपयोग काय, हे सगळं बरोबरच आहे. तो दमलाय, त्याचे हात गळालेत, आणि त्या गळालेल्या हातांना तो संन्यासाचे शब्द देतोय. भीक मागून जगणं बरं, असंही म्हणतो. ऐकायला वैराग्य वाटतं. पण वैराग्य आणि दमणूक यांचे कपडे सारखे असतात आणि लांबून ओळखू येत नाहीत. भगवंतांना ओळखू आलं. ते किंचित हसले, असं दुसऱ्या अध्यायात आहे. मला नेहमी वाटतं की त्या हसण्यात टिंगल नसावी. दमलेल्या माणसाला बघून आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं, तसलं काहीतरी असेल.

'फळाची आशा सोड' हे आपण फार लवकर शिकतो, कारण ते सोयीचं आहे. आशा सोडली की काम सोडायला एकच पायरी उरते. पाणी येणारच, मग ड्रॉवर कशाला? तुमच्यापैकी निम्मे पुण्या-मुंबईत नाहीतर बंगळूरला भाड्यानं राहतात. तुमच्याकडं नदी नाही, पण अकरा महिन्यांचा करार आहे. 'घर आपलं थोडंच आहे' म्हणून नळ गळत राहतो, बल्ब लागत नाही, देवाचा फोटो कपाटात आडवा पडून राहतो. हीसुद्धा फळावर टेकलेलीच वृत्ती आहे. फळ टिकणार असेल तरच हात लावीन, एवढाच तिचा अर्थ.

आईला मी श्लोक वगैरे सांगितला नाही. आईला श्लोक सांगणारी मुलगी मला स्वतःलाही आवडली नसती. मेच्या पहिल्या आठवड्यात मी खालचा ड्रॉवर काढून अंगणात ठेवला, एवढंच.

मीच का केले? एक साधं कारण म्हणजे मे महिन्यात कोल्हापुरात सुतार मिळत नाही. पावसाच्या आधी सगळ्यांनाच घर आवरायचं असतं. आमच्या गल्लीतले सुतारमामा म्हणाले, "ताई, गणपती झाल्यावर बघू." पण त्यांनीच आपला गुण्या वापरायला दिला आणि रोज संध्याकाळी येता-जाता दारातून बघून जायचे. काहींना प्रश्न पडेल की गीता स्वधर्म सांगते, मग हे परक्याचं काम कसं केलंस? ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि जन्मावरून माणसाचं काम ठरवण्याच्या रीतीला धक्का दिला, त्या गावात बसून मला तरी स्वधर्माचा अर्थ जातीचा धंदा असा लावता येत नाही. आईचा हात ज्या खणापाशी अडकतो, तो खण माझ्यासमोर आला. तो माझ्या वाट्याचा.

आता माप. ज्यांना कधी करायचं असेल त्यांच्यासाठी नीट लिहिते, कारण व्हिडिओत हे पटापट पळवतात.

आमच्या ओट्याला खाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या आहेत. त्यांना आतून लाकडी पट्ट्या मारलेल्या आणि पट्ट्यांवर ड्रॉवरचे चॅनेल. दोन फरश्यांमधलं अंतर पुढं ४६२ मिलिमीटर निघालं, मध्ये ४६०, मागं भिंतीपाशी ४५६. जुन्या घरात असंच असतं, गवंड्यानं डोळ्यानं लावलेलं. म्हणून तीन ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यात कमी माप धरायचं. बॉल-बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनेलला दर बाजूला साधारण १३ मिलिमीटर जागा लागते, म्हणजे दोन्हीकडचे मिळून २६. ४५६ मधून २६ गेले, ड्रॉवरची बाहेरून रुंदी ४३०. पुढच्या बाजूला जे ६ मिलिमीटर जास्त राहतात, तिथं दोन्हीकडं तीन-तीन मिलिमीटरचं पॅकिंग द्यायचं. सनमायकाचे एक मिलिमीटर जाडीचे तुकडे एकावर एक तीन ठेवले की झालं. दोन चॅनेल एकमेकांना समांतर नसतील तर कितीही महागातला ड्रॉवर अडकतोच.

हे मोजताना नरहरी सोनार आठवत होते. कथा तुम्हाला माहीत असेल. कट्टर शिवभक्त, पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड न बघणारे. एका सावकारानं विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला सांगितला. देवळात जाणार नाही म्हणून सावकारानंच माप आणून दिलं. करगोटा केला तर कधी सैल, कधी घट्ट. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून गेले, हातानं चाचपडलं तर शंकराची लक्षणं लागली, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. कीर्तनात हरिहर-ऐक्य म्हणून ही कथा सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण हातात मीटर टेप असलेल्या माणसाला त्यात आणखी एक दिसतं. सोनाराच्या कसबात खोट नव्हती. दुसऱ्यानं आणलेल्या मापावर काम चाललं होतं. पुढं पन्नासाव्या श्लोकात भगवंत कर्मातल्या कौशल्यालाच योग म्हणणार आहेत. ते कौशल्य हाताच्या सफाईत असतंच, पण त्याच्या आधी जवळ जाऊन बघण्यात असतं, असं मला या कथेवरून वाटतं.

प्लायवूड टिंबर मार्केटमधल्या एका दुकानातून आणलं आणि तिथंच मशिनवर कापून घेतलं. घरी करवतीनं सरळ कापायचा हट्ट धरू नका. 'बीडब्ल्यूपी' आणि 'आयएस ७१०' असा शिक्का बघून घ्यायचं. या मानकाच्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का ते तपासतात. बाजू १२ मिलिमीटरच्या, तळ ६ चा. बाजू ४३० च्या हिशेबात धरल्या की त्यांच्या मधल्या आडव्या पट्ट्या ४०६ च्या होतात. चारी बाजू जोडल्यावर डिंक ओला आहे तोवर दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तर चौकट काटकोनात, नाहीतर हातानं थोडं दाबून सारखे करायचे आणि मगच तळ मारायचा. कापलेल्या सगळ्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात दिले. प्लाय कितीही चांगलं असलं तरी पाणी शिरतं ते उघड्या कडेतूनच.

पाच ड्रॉवरना मला तीन रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या रविवारी आई चहा घेऊन आली आणि बघत उभी राहिली. मी दोन कर्ण तिसऱ्यांदा मोजत होते. म्हणाली, "बुडणाऱ्या वस्तूला एवढं मापात कशाला?"

हा प्रश्न मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरले. उत्तर मला घरात सापडलं नाही, बापट कॅम्पात सापडलं. आमच्याकडं गणपतीच्या मूर्ती करणारी कुंभार मंडळी तिथं मोठ्या संख्येनं आहेत. तो भागही पुराच्या पट्ट्यातला. २०१९ ला आणि २०२१ ला रंगवायला आलेल्या मूर्तींपर्यंत पाणी गेलं. पाणी वाढायला लागलं की मूर्ती उंचावर हलवायची धांदल तिथं नेहमीचीच. जरा विचार करा, ही मूर्ती पुरातून वाचवायची, कशासाठी? चतुर्दशीला पाण्यात सोडण्यासाठी! अकरा दिवसांचं आयुष्य तिला. तरी डोळे आखताना तो कारागीर श्वास धरून बसतो. विसर्जन ठरलेलं आहे म्हणून एक डोळा जरा तिरका चालेल, असं आजवर कुठल्या कुंभारानं म्हटलेलं मी ऐकलं नाही. लांब कशाला, आपल्या अंबाबाईच्या देवळातला गरुड मंडप घ्या. एकोणिसाव्या शतकातलं सागवानी काम, तरी खांब बुडाशी कुजले. २०२४ मध्ये तो उतरवून पुन्हा उभा करायचं काम हाती घेतलं. सागवानही कुजतंच. पण म्हणून तिथं कुणी पत्रा ठोकून मोकळं झालं नाही.

फळ सोडलं की काम ढिलं पडेल असं आपल्याला वाटतं. बापट कॅम्पातले हात बघितल्यावर मला उलटं वाटायला लागलं. ड्रॉवर किती वर्षं टिकतील, लोक काय म्हणतील, खर्च वसूल होईल का, हे सगळं डोक्यातून काढलं की समोर फक्त दोन कर्ण उरतात. मग ते सारखे येईपर्यंत मोजावंसं वाटतं. माउली पुढच्या श्लोकावर लिहिताना याच अंगानं जातात: हाती घेतलेलं काम दैवानं तडीस गेलं तर फार हरखू नये, काही कारणानं मध्येच राहिलं तर खट्टू होऊ नये, आणि जेवढं झालं तेवढं त्या आदिपुरुषाला वाहिलं की ते पूर्णच झालं असं समजावं. 'जेवढं झालं तेवढं' हे मला फार धीराचं वाटतं. पण वाहायचंय म्हटल्यावर झालेलं तेवढं तरी नीट हवं ना? देवाला किडकं फूल आपण वाहत नाही.

आणि नदीचं काय? नदी येणार. त्यावर काही श्रद्धेचं पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण टेलिस्कोपिक चॅनेलमध्ये एक छोटी गोष्ट असते, जी पुष्कळांना माहीतच नसते. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की दोन्ही बाजूंना एक-एक काळी प्लॅस्टिकची पट्टी दिसते. एका बाजूची वर उचलायची, दुसऱ्या बाजूची खाली दाबायची, आणि ओढायचं. अख्खा ड्रॉवर सामानासकट हातात येतो. स्क्रू नाही, पाना नाही. चॅनेलचा बाहेरचा भाग भिंतीकडं राहतो, तो पाण्यात जाईल, नंतर धुऊन तेल द्यावं लागेल किंवा बदलावा लागेल. पण ड्रॉवर वर माडीवर. म्हणूनच मी मोठे दोन खोल ड्रॉवर न करता सगळे आईला एकटीला उचलतील एवढेच केले. उंची कमी, वजन कमी.

पुढच्या फळ्या शेवटी. त्या १८ मिलिमीटरच्या, वर सनमायका. रंग आईनं निवडला. विचारल्यावर आधी "कसलाबी चालतोय" म्हणाली आणि मग दुकानात चाळीस नमुने उलटेपालटे करून एक पिस्ता रंग काढला. दोन फळ्यांत तीन मिलिमीटरची फट राहावी म्हणून मध्ये तेवढ्या जाडीचे पुठ्ठे घालायचे, फळी डबल टेपनं जागेवर चिकटवायची, ड्रॉवर हळूच उघडून आतून २५ मिलिमीटरचे स्क्रू मारायचे. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. सुतारमामांनी दारातून बघितलं, मान डोलावली आणि एका फळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही अर्धा सूत वर हाय." मला दिसत नव्हतं. गुण्या लावला तर खरंच होती. ती काढून परत लावली.

चार ड्रॉवर आईनं त्याच दिवशी भरले. झारे, उलथणी, लाटणं, चहा-साखरेचे डबे. सगळ्यात खालचा मात्र आठवडाभर रिकामा. मी काही विचारलं नाही. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून खट्ट असा आवाज आला. जाऊन बघते तर आई जमिनीवर बसलेली, तो ड्रॉवर काढून मांडीवर घेतलेला. दोन्हीकडच्या पट्ट्या तिनं स्वतःच शोधल्या होत्या.

"निघतोय की गं," म्हणाली. परत बसवला, परत काढला. दोन-तीनदा. मग उठली, माळ्यावरच्या क्रेटमधून पितळी डबे काढले, पुसले आणि त्यात मांडायला लागली.

मांडता मांडता विचारलं, "३९ ला काढायचा का ४३ ला?" इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. मी म्हटलं, ३९ ला. "मग लिहून लाव हितं. मला रातीचं आठवणार न्हाई."

एका कागदावर ३९ लिहून ओट्याच्या वर, देव्हाऱ्याच्या शेजारी लावलाय.

उद्या ४८ वा श्लोक, समत्वाचा. काम होणं आणि न होणं या दोन्हींत मन सारखं ठेवायचं म्हणजे काय, यावर माउलींच्या ज्या ओव्यांचा आज ओझरता उल्लेख केला, त्या जमल्यास आज रात्री वाचून ठेवा. उद्या त्यांच्यावरच बोलू.

राम कृष्ण हरी.